मत कोणाला, त्याआधी मत कुठे?

१५ मे २०२४ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या पिंपळगाव बसवंतला पंतप्रधान नरेंद्र मोदी यांची प्रचारसभा झाली. भाषण रंगात आले असताना गर्दीतल्या एका तरुणाने कांद्यावर बोला, अशी मागणी केली आणि ती त्या दिवशी राज्यभर बातमी झाली. त्यामागे अख्ख्या तालुक्याचा हिशेब होता. डिसेंबर २०२३मध्ये कांद्याच्या निर्यातीवर बंदी आली होती. ती ४ मे रोजी उठली, पण टनामागे ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य आणि ४० टक्के शुल्क सोबत घेऊन. २० मे रोजी मतदान झाले. पिंपळगाव ज्यात येते त्या दिंडोरी लोकसभा मतदारसंघात केंद्रीय राज्यमंत्री डॉ. भारती पवार यांचा राष्ट्रवादी काँग्रेसच्या शरद पवार गटाचे भास्कर भगरे यांनी सुमारे १ लाख १३ हजार मतांनी पराभव केला. सहाच महिन्यांनी, २० नोव्हेंबरला, विधानसभेसाठी मतदान झाले आणि पिंपळगावच्या निफाड मतदारसंघातून महायुतीचे दिलीपराव बनकर निवडून आले.

या दोन निकालांवर भरपूर लिहिले गेले. कांद्याची नाराजी, जातीची गणिते, लाडकी बहीण योजना, उमेदवाराची बाजार समितीवरची पकड, सगळ्याची चर्चा झाली. चर्चेत आली नाहीत ती माणसे मतदानाच्या दिवशी याच गावात कामावर होती. द्राक्षबागेत एप्रिल छाटणी करणारी, टोमॅटोची कॅरेट भरणारी, व्यापाऱ्यांच्या खळ्यावर कांदा निवडणारी. त्यांतली कितीतरी मुले-मुली नुकतीच अठरा-एकोणीस वर्षांची झालेली होती. कांद्याचा भाव पडला की त्यांचीही मजुरी थांबते. पण त्यांची नावे इथल्या यादीत नव्हती, आणि जिथे नावे होती तिथे ती त्या दिवशी नव्हती.

बाहेरून आलेल्या घरांतले नवमतदार कोणाला मत देतात, हा प्रश्न अलीकडे सगळीकडे विचारला जातो. पिंपळगावकडे नीट पाहिले, तर त्याचे उत्तर दुसऱ्याच प्रश्नात दडलेले दिसते. त्या मुलामुलींचे मत कुठे नोंदवलेले आहे? मत जिथे असते तिथलेच प्रश्न मतपेटीपर्यंत पोहोचतात. पसंती त्यानंतर येते.

कोण कुठून आले?

मुंबई-आग्रा महामार्गावरचे पिंपळगाव बसवंत हे निफाड तालुक्यातले बाजाराचे गाव. कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे या तीन पिकांवर त्याची भरभराट उभी आहे आणि तिन्हींना हात फार लागतात. स्थानिक मजूर पुरत नाहीत, म्हणून माणसे बाहेरून येतात. ती सगळी एका प्रकारची नाहीत.

पहिला प्रवाह जिल्ह्यातलाच. सुरगाणा, पेठ, कळवण, दिंडोरीच्या डोंगरपट्ट्यातून आदिवासी कुटुंबे द्राक्षाच्या हंगामात खाली उतरतात. पावसाळ्यात घरची भात-नागली झाली की टोळ्या निघतात. ऑक्टोबर छाटणी, मग फुटवे काढणे, विरळणी, डिपिंग, जानेवारीनंतर तोडणी आणि एप्रिलची खरड छाटणी. कामे बहुधा उक्ती घेतली जातात, मुकादमामार्फत. मुले आईवडिलांबरोबर लहानपणापासून येत राहतात आणि सोळा-सतरा वर्षांची होईतो स्वतःच टोळीत कामाला लागतात.

दुसरा प्रवाह उत्तर प्रदेश, बिहार, मध्य प्रदेशातून येतो. टोमॅटोच्या हंगामात खरेदीदारांबरोबर भरणारी, बांधणारी, गाड्या लादणारी माणसे येतात. काही हंगाम संपला की परततात, काही राहतात. राहिलेल्यांची मुले इथल्या शाळेत शिकतात आणि घरात हिंदी किंवा भोजपुरी, बाहेर मराठी बोलतात.

तिसरा प्रवाह शेजारच्या ओझरचा. १९६४मध्ये तिथे मिग विमानांसाठी हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा कारखाना उभा राहिला आणि देशाच्या अनेक भागांतून कामगार-अधिकारी वसाहतीत आले. त्यांच्या घरांत आता तिसरी पिढी मतदानाला येते आहे.

चौथा प्रवाह आपण स्थलांतर म्हणून मोजतच नाही. २०११च्या जनगणनेत देशात सुमारे ४५ कोटी माणसे जन्मगाव किंवा आधीचे गाव सोडून राहणारी नोंदली गेली. त्यांच्या स्थलांतराचे सर्वांत मोठे कारण होते लग्न. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी सासरी आलेली मुलगी ही या देशातली सर्वांत मोठ्या संख्येने आढळणारी स्थलांतरित नवमतदार आहे. माहेरच्या यादीत तिचे नाव घातलेले नसते, कारण ‘ती जाणारच आहे’. सासरच्या यादीत घालायला कुणाला घाई नसते.

कायदा काय सांगतो?

६१व्या घटनादुरुस्तीने मतदानाचे वय २१वरून १८वर आले, २८ मार्च १९८९पासून. वय मोजणे सोपे आहे, पत्ता ठरवणे अवघड. १९५०च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १९नुसार माणूस ज्या मतदारसंघात ‘सर्वसाधारणपणे राहतो’ तिथे त्याचे नाव नोंदवले जाते. कलम २० त्याचा खुलासा करते. एखाद्या गावात केवळ घर किंवा जमीन आहे म्हणून तुम्ही तिथले रहिवासी ठरत नाही. तसेच, काही काळासाठी गावाबाहेर गेलात म्हणून गावचे रहिवासीपण जातही नाही.

म्हणजे सुरगाण्याहून चार महिन्यांसाठी आलेल्या मुलीचे नाव सुरगाण्यातच राहावे, हे कायद्याला धरून आहे. पिंपळगावात बारा महिने खोली करून राहणाऱ्या बिहारी कुटुंबातल्या मुलाचे नाव पिंपळगावात यावे, हेही कायद्याला धरूनच आहे. अडचण या दोघांच्या मधल्या माणसांची. जे आठ महिने इथे आणि चार महिने गावी असतात, त्यांना दोन्हीकडचे लोक ‘तुम्ही तिकडचे’ म्हणतात. एकाच वेळी दोन ठिकाणी नाव ठेवता येत नाही आणि अर्जात खोटी माहिती देणे हा गुन्हा आहे. म्हणून निवड विचार करून करावी लागते.

नोंदणीची पद्धत पूर्वीपेक्षा सुटसुटीत झाली आहे. आधी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख होती. फेब्रुवारीत अठरा पूर्ण झालेल्याला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२१च्या दुरुस्तीनंतर आणि ऑगस्ट २०२२पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. सतरा पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्जही करता येतो. नवीन नावासाठी नमुना ६, पत्ता बदलण्यासाठी नमुना ८. राहत्या जागेचा कागद नसला, तर केंद्रस्तरीय अधिकारी, ज्यांना आपण बीएलओ म्हणतो, प्रत्यक्ष येऊन खातरजमा करू शकतात. बेघर माणसांसाठीही ही सोय आहे. वसतिगृहात राहणारा विद्यार्थी घरचा किंवा वसतिगृहाचा, यांपैकी एक पत्ता निवडू शकतो.

एवढे असूनही तरुण यादीत कमीच दिसतात. २०२४च्या लोकसभेच्या वेळी देशभरात १८-१९ वयोगटातले सुमारे १ कोटी ८० लाख मतदार नोंदलेले होते. लोकसंख्येच्या अंदाजांशी हा आकडा ताडला, तर या वयाचे निम्म्याहून जास्त तरुण यादीबाहेर राहिले होते. जो कायमचा एका गावात आहे त्याची ही गत, तर हंगामाबरोबर फिरणाऱ्याची काय असेल?

एक लोकसभा, तीन विधानसभा

दिंडोरी मतदारसंघाचा नकाशा उघडला की हा प्रश्न लख्ख दिसतो. अनुसूचित जमातींसाठी राखीव असलेल्या या लोकसभा मतदारसंघात नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड आणि दिंडोरी असे सहा विधानसभा मतदारसंघ येतात. सुरगाणा तालुका कळवण विधानसभेत, पेठ तालुका दिंडोरी विधानसभेत, पिंपळगाव निफाड विधानसभेत. बागेत छाटणी करणारी सुरगाण्याची मुलगी आणि बागेचा मालक एकाच खासदाराला निवडून देतात. पण तिचे मतदान केंद्र दोन-तीन तासांच्या वाटेवर आहे आणि तिचा आमदार वेगळा आहे.

लोकसभेची निवडणूक एप्रिल-मेमध्ये येते, तेव्हा बागांत खरड छाटणी चालू असते. २०२४ची विधानसभा नोव्हेंबरात आली, तेव्हा ऑक्टोबर छाटणीनंतरची कामे आणि टोमॅटोचा उतरता हंगाम होता. मतदानाला जायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडवायची, गाडीभाडे घालायचे आणि उक्ते काम मागे पडले तर टोळीची बोलणी खायची. १९५१च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम १३५ब रोजंदारी आणि हंगामी कामगारालाही मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी देते. आपला मतदारसंघ सोडून दुसरीकडे काम करणाऱ्यालाही ती लागू आहे, हे निवडणूक आयोगाने स्पष्ट केले आहे. उक्त्या कामात मात्र रोज नसतो, हजेरी नसते, मग सुट्टीचा पगार कोण आणि कशावर मोजणार? कायद्याचा हा हक्क बागेच्या बांधापर्यंत येऊन थांबतो.

आता पसंतीकडे वळू. सुरगाण्याच्या घरात राजकारण म्हणजे मुख्यतः वनजमीन. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून निघून १२ मार्चला मुंबईत पोहोचलेल्या शेतकरी लाँग मार्चमध्ये याच पट्ट्यातले आदिवासी मोठ्या संख्येने होते आणि २००६च्या वनहक्क कायद्याखालचे दावे ही त्यांची प्रमुख मागणी होती. सुरगाण्यात मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाचे काम अनेक दशकांचे आहे. आईवडिलांची निष्ठा तिथे घडली. मुलीचे दिवस मात्र पिंपळगावच्या बागेत जातात. तिला भिडणारे प्रश्न वेगळे आहेत: उक्त्याचा दर, शेडमध्ये राहण्याची सोय, औषध फवारलेल्या बागेत काम करताना हातमोजे मिळतात का, धाकट्या भावाची शाळा हंगामात बुडते त्याचे काय. हे प्रश्न सुरगाण्याच्या आमदाराच्या हद्दीत येत नाहीत. निफाडच्या आमदाराच्या हद्दीत येतात, पण ती त्याची मतदार नाही. तिचे मत घरच्या प्रश्नावर पडते आणि कामाच्या जागेचा प्रश्न कुणाच्याच जाहीरनाम्यात जात नाही.

पसंती कशी घडते?

नवमतदार म्हणजे एक गठ्ठा, ही समजूत पक्षांनाही सोयीची असते आणि माध्यमांनाही. अभ्यास तिला दुजोरा देत नाहीत. लोकनीती-सीएसडीएस या संशोधन संस्थेने वर्षानुवर्षे केलेल्या मतदानोत्तर पाहण्यांतून दिसते की भारतातले तरुण साधारणपणे आपल्या प्रदेशाच्या, जातीच्या आणि वर्गाच्या प्रवाहाबरोबरच मत देतात. संजय कुमार यांनी संपादित केलेले ‘इंडियन यूथ अँड इलेक्टोरल पॉलिटिक्स’ हे २०१४चे पुस्तक याच विषयावर आहे.

मग स्थलांतराने नेमके काय बदलते? जर्मनीचे उदाहरण बोलके आहे. १९६१च्या करारानंतर तुर्कस्तानातून कामगार तिथे गेले. कारखान्यांतल्या कामगार संघटनांनी त्यांना जवळ केले आणि नागरिकत्व मिळाल्यावर त्यांतले बहुसंख्य सोशल डेमोक्रॅटिक पक्षाकडे झुकले. सोव्हिएत संघातून परतलेले जर्मन वंशाचे लोक मात्र ख्रिश्चन डेमोक्रॅट सरकारच्या काळात मोठ्या संख्येने आले, त्यांना नागरिकत्व चटकन मिळाले आणि ते दीर्घकाळ त्या पक्षाचे मतदार राहिले. देश एक, दोघेही बाहेरून आलेले, पण पसंती उलट. तुम्ही कोणत्या दाराने आलात आणि ते दार कोणी उघडले, यावर पहिल्या पिढीची निष्ठा बसते. पुढच्या पिढीत ती सैल होत जाते.

अमेरिकेतल्या भारतीयांतही हे दिसते. कार्नेगी संस्थेच्या २०२४च्या पाहणीत भारतीय वंशाच्या नोंदणीकृत मतदारांपैकी ६१ टक्क्यांनी कमला हॅरिस यांना आणि ३२ टक्क्यांनी डोनाल्ड ट्रम्प यांना पसंती दिली. चाळिशीच्या आतल्या पुरुषांत मात्र ट्रम्प थोडे पुढे होते. घराची जुनी निष्ठा मुलांनी जशीच्या तशी उचलली नाही.

हे पिंपळगावला लावून पाहू. ओझरच्या वसाहतीतले कुटुंब कायम नोकरी, क्वार्टर, शाळा आणि कागदपत्रांसह आले. त्यांचे नाव यादीत पहिल्या वर्षापासून. त्यांच्या नातवंडांची पसंती इतर शहरी मध्यमवर्गीय तरुणांसारखी नोकरी, परीक्षा आणि उद्योग यांभोवती फिरणार, हे सहज समजण्यासारखे आहे. खळ्यावरच्या बिहारी मजुराला दार उघडले ते ठेकेदाराने. रेशनकार्ड, खोलीचा भाडेकरार, पोलिसांची विचारपूस, सगळे त्याच्याच मार्फत. अशा घरात पहिल्या मताचा सल्लाही तिकडूनच येण्याची शक्यता मोठी. टोळीतल्या मुलीच्या बाबतीत ती जागा मुकादमाची.

तरीही हे मजूर केवळ सांगितले तिथे मत टाकतात असे समजणे चूक ठरेल. अॅडम ऑरबाख आणि तारिक थाचिल या अभ्यासकांनी जयपूर आणि भोपाळच्या वस्त्यांचा दीर्घ अभ्यास केला. ‘मायग्रंट्स अँड मशीन पॉलिटिक्स’ या २०२३च्या पुस्तकात त्यांनी दाखवले की स्थलांतरित रहिवासी आपला वस्तीतला नेता पारखून निवडतात. जातभाई असणे त्यांना महत्त्वाचे वाटतेच, पण नेता किती शिकलेला आहे आणि कचेरीत त्याची किती पोच आहे, यालाही ते मोठे वजन देतात. लखनौच्या मजूर अड्ड्यांवर थाचिल यांना आणखी एक गोष्ट दिसली. मालक किंवा पोलिसांशी गाठ पडते तेव्हा मजुरांना आपण सगळे एक आहोत असे वाटते. आपसांत कामासाठी चढाओढ लागते तेव्हा जात-धर्माच्या भिंती पुन्हा वर येतात. म्हणून प्रचारात मजुरी आणि राहणीचा प्रश्न मांडला गेला की नाही, यावर त्यांचे मत कोणत्या ओळखीने पडेल हे बऱ्याच अंशी ठरते.

साधा चिन्हाचा मुद्दाही लहान नाही. दिंडोरीत २०२४ला भास्कर भगरे यांचे चिन्ह होते तुतारी वाजवणारा माणूस. बाबू भगरे या अपक्ष उमेदवाराला तुतारी हे चिन्ह मिळाले आणि फारसा प्रचार नसताना त्यांना एक लाखाहून अधिक मते पडली. पहिल्यांदा मतदान करणाऱ्याला यंत्रासमोर काही क्षणच मिळतात. उमेदवाराची ओळख आधी झालेली नसेल, तर घरात ऐकलेले चिन्ह हाच त्याचा एकमेव आधार असतो.

नाव असले की उत्तर मिळते

या साऱ्यात मला सर्वांत महत्त्वाचे वाटते ते निखर गायकवाड आणि गॅरेथ नेलिस या अभ्यासकांचे काम. त्यांनी देशभरातल्या नगरसेवकांना काल्पनिक नागरिकांच्या नावाने मदतीची पत्रे पाठवली. पत्र स्थलांतरिताचे असेल, तर उत्तर मिळण्याचे प्रमाण जुन्या रहिवाशापेक्षा सुमारे एक चतुर्थांशाने कमी भरले. मात्र पत्रात ‘मी इथल्या यादीतला मतदार आहे’ असे आले की दरी कमी झाली. नगरसेवक परप्रांतीयाला टाळत होते त्यामागे द्वेषापेक्षा हिशेब जास्त होता: याचे मत इथे नाही.

मग त्यांनी दिल्ली आणि लखनौमध्ये घरोघरी जाऊन स्थलांतरितांना नोंदणीसाठी प्रत्यक्ष मदत केली. मदत मिळालेल्यांत नोंदणी २४ टक्केबिंदूंनी वाढली आणि २०१९च्या मतदानातला सहभाग २० टक्केबिंदूंनी. राजकारणातला रसही वाढला. या लोकांना मतदानात रस नव्हता असे नव्हे. अर्ज, पुरावा आणि खेटे यांनी त्यांना अडवले होते.

दुसरा उपाय यंत्राचा. २०२२च्या अखेरीस निवडणूक आयोगाने दूरस्थ मतदानाच्या यंत्राची कल्पना मांडली. एका केंद्रावरून ७२ मतदारसंघांसाठी मत देता येईल असे ते यंत्र होते. जानेवारी २०२३मध्ये पक्षांसमोर ते ठेवले गेले, पण स्थलांतरित कोणाला म्हणायचे आणि दूरच्या केंद्रावर पक्षाचा प्रतिनिधी कसा बसवायचा, या आक्षेपांवर गोष्ट अडली. दरम्यान २०२५मध्ये बिहारमध्ये मतदार यादीचे सखोल पुनरीक्षण झाले. ऑगस्टच्या प्रारूप यादीतून सुमारे ६५ लाख नावे गळाली आणि त्यांतली सुमारे ३६ लाख ‘कायमचे स्थलांतरित किंवा न सापडलेले’ या खाली होती. गावी नाव गेले आणि पिंपळगावात आले नाही, असा तरुण कुठलाच मतदार उरत नाही.

पिंपळगावला काय करता येईल?

पिंपळगाव बसवंतची ग्रामपंचायत जाऊन आता नगर परिषद आली आहे. स्थानिक निवडणुकीसाठी राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी प्रभागांत विभागून वापरतो आणि स्वतः त्यात नवे नाव घालत नाही. डिसेंबर २०२५च्या नगर परिषद निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ची यादी धरली गेली. म्हणजे मजुरांच्या वस्तीत नळ, दिवा आणि गटार येणार की नाही हे ठरवणारे मत त्या तारखेपर्यंतच्या यादीतून आले. निवडणूक जाहीर झाल्यावर जागे होणाऱ्याला उशीर झालेला असतो.

म्हणून काम हंगामाच्या दिनदर्शिकेला धरून व्हायला हवे. जे कुटुंब बारमाही इथे राहते, त्याच्या सतरा पूर्ण झालेल्या मुलामुलींचे नमुना ६ भरून घेण्याचे शिबिर बाजार समितीच्या आवारात आणि कनिष्ठ महाविद्यालयांत प्रत्येक पात्रता तारखेआधी घेता येते. जी टोळी हंगामी आहे, तिच्या तरुणांची नोंदणी सुरगाणा-पेठला पावसाळ्यात करावी, कारण तेव्हा ते घरी असतात. मतदानाच्या दिवशी टोळीला गाडी आणि दिवसाचा रोज देण्याचा ठराव बागाईतदारांनी आपल्या संघटनांत करावा. गाडी पक्षाने किंवा उमेदवाराने देता कामा नये, कारण मतदारांची अशी ने-आण हा निवडणुकीतला भ्रष्टाचार ठरतो. लग्न करून आलेल्या सुनेचे नाव रेशनकार्डाबरोबरच मतदार यादीतही घालण्याची सवय घराघरांत लागावी.

काही स्थानिकांना धास्ती वाटते की बाहेरच्यांची मते वाढली तर गावाचा कारभार त्यांच्या हाती जाईल. ती धास्ती समजून घेऊनही सांगावे लागते की मत नसलेली माणसे गावातून जात नाहीत. ती इथेच राहतात, फक्त त्यांच्याशी बोलणारा एकटा ठेकेदार उरतो. नगरसेवकाला त्यांच्या मताची गरज पडली, तर त्याला वस्तीत जावे लागेल, मराठीत बोलावे लागेल आणि उत्तर द्यावे लागेल. इथे वाढलेल्या मुलांना या गावाचे नागरिक करण्याचा याहून सरळ मार्ग नाही.

त्यांची पसंती काय असेल, हे आज कुणीही छातीठोक सांगू नये. ती आईवडिलांच्या गावाकडे झुकेल, मुकादमाच्या शब्दाकडे झुकेल किंवा उक्त्याच्या दरावर बोलणाऱ्या एखाद्या नव्या उमेदवाराकडे. पण ज्या पिकावर एका सभेत घोषणा झाली आणि एका मंत्र्याचा पराभव झाला, ते पीक ज्यांच्या हातून निवडले जाते, भरले जाते आणि गाडीत चढते, त्यांच्या मुलांचे मत मोजल्याशिवाय निफाड तालुक्याचा कौल पूर्ण झाला असे म्हणता येणार नाही.